ग्रिल

रफिक दोनदा विचारतो, किती पीस करू?
मी दोनदा सांगतो, तोडू नकोस, अख्खी दे, कातडीसकट.
कातडीसकट म्हटल्यावर तो सुरा खाली ठेवतो.
पिसं उपटत बसायची
म्हणजे त्याचा रविवार गेला.

मरोळ गावठाणात अजून एवढी जागा आहे:
बुजवलेल्या विहिरीचा काठ, एक शेवगा,
आणि शेजारच्या टॉवरची सावली,
जी साडेचारला अंगणात येऊन बसते
भाडं न देता.

तीन विटा इकडे, तीन तिकडे,
वर आमच्या जुन्या खिडकीचं ग्रिल.
मुंबईत ग्रिल म्हणजे आधी हेच,
चोर आत येऊ नये, पोर बाहेर पडू नये.
कोंबडी वगैरे नंतर.

पहिले तीन जाळ नुसते ऑइलपेंट जाळण्यात गेले.
वरचा हिरवा, त्याखालचा पांढरा,
त्याखाली बाबाच्या हातचा चॉकलेटी.
चौथ्या जाळाला लोखंड लोखंडासारखं वागलं.

रात्रभर मुरलीय ती सिरक्यात, लसणात
आणि यंदाच्या बाटली मसाल्यात.
परवाच कुटून झाला, अंगणभर शिंका.
आय म्हणायची,
मसाला कसा झालाय ते माणसांना विचारू नये,
कोंबडीला विचारावं.

निखारे दोन बाजूंना सारले.
मधे मोकळं, तिथे थाळी, चरबी टिपायला.
वरून गवंड्याचं घमेलं उलटं,
सिमेंटचा एक पापुद्रा अजून तसाच.
आता घाई नाही.
घमेलं उचललं की दहा मिनिटं फुकट.
मे महिन्यात निखाऱ्यापाशी बसलेला माणूसही
एका अंगानेच भाजत असतो.

विमान इतकं खाली येतं की चाकं मोजावीत.
तेवढा वेळ सगळे गप्प.
मग ज्याने त्याने आपलं वाक्य
जिथे सोडलं तिथूनच उचललं.

तिसरा आणि चौथा गज वाकलेला आहे.
सरळ गजांवरून कोंबडी घसरते,
इथे बरोबर बसते,
पाठ खाली, तंगड्या वर,
पाळण्यात ठेवल्यासारखी.

हे गज हिल्डाने वाकवले, सतराव्या वर्षी,
इनासमामाच्या टेम्पोचा जॅक लावून,
नऊ रात्री, दर रात्री अर्धा आटा,
कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून.
टॉर्च मी धरला होता.
दोन चिंगम कबूल केले होते तिने.
एकच दिलं.

बाबाने गज सरळ केले नाहीत.
अकरा वर्षं ती फट तशीच.
पाऊस आत यायचा, मांजर आत यायचं.
कुणी टोकलं की म्हणायचा,
सुतार मिळत नाही.
लोखंडाच्या कामाला, सुतार.

चिंतामण, वेसाव्याचा, तोच तो,
आता साठीपार, शुगरवाला,
पाटावर बसून विंझणा घालतोय.
त्याला कातडी मना आहे.
हिल्डाला ठाऊक आहे की तो खाणार,
आणि त्या वेळी ती पाणी आणायला आत जाणार.

सुरी सांध्यात घातली. रस अजून गुलाबी.
वीसेक मिनिटं, मी म्हणतो.
पोरं कण्हतात.

हिल्डा उठून जवळ येते, गुडघे धरत,
वाकलेल्या गजांकडे बघते, मग स्वतःकडे.
"यातून गेले मी?
आधी उशी टाकली, मग चपला, मग मी.
तू आणखी एक आटा फिरवला असतास ना,
तर हे कोपर सोललं नसतं."
कोपर दाखवते. काही दिसत नाही,
पण मी बघतो.

सावली शेवग्यापर्यंत आली.
मी फडक्याने घमेलं उचलतो.
झाली का नाही हे ओळखायला
घड्याळ लागत नाही, सुरीही लागत नाही.
तंगडी धरायची, हलकेच ओढायची.
सुटायची असली
की सुटते.